चुलीचा डॉक्टर

पट्टणशेट्टी डॉक्टर आजारी पोराला हात लावायच्या आधी त्याच्या टाळूचा वास घ्यायचे. पोर आईच्या मांडीवर, आई भेदरलेली, सोबत आलेली सासू एकसारखी बोलत असायची, आणि हे उंच, हडकुळे गृहस्थ कमरेत वाकून त्या पोराच्या जावळात नाक खुपसायचे. मग सरळ व्हायचे. नाकपुड्या आक्रसायच्या, ओठ खाली जायचे, पानात झुरळ निघाल्यासारखं तोंड व्हायचं.

"थू! शेणी," म्हणायचे. नाहीतर, "थू! उसाचा पाला. त्यो बी ओला." त्या घरच्या चुलीत काय जळतं, ते त्यांना वासावरनं कळायचं.

चुकायचेही. एकदा एका पोराचं डोकं हुंगून, "रॉकेल! स्टोव्ह गळतोय तुमचा," म्हणून त्या आईला झाडलं. ती बिचारी म्हणाली, "न्हाय वो, उवा झाल्यात म्हणून चोळलंय." वॉर्डातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. ते फारसे कधी हसायचेच नाहीत. शिसारी हाच त्यांचा स्थायीभाव होता.

मी तेव्हा मुरगूडच्या पुढच्या एका गावात, सरकारी दवाखान्यात नर्स होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. आमच्या गल्लीत तालमीची पोरं दिवसभर फुटबॉल बडवायची आणि घरात गॅस होता. धूर म्हटलं की मला सुट्टीतलं आजोळ आठवायचं, चुलीतल्या राखेत भाजलेलं वांगं आठवायचं. धुराचा तिटकारा करायला मला ह्या माणसानं शिकवलं.

ते सीमेकडचे, लिंगायत व्यापाऱ्यांच्या घरातले. कपाळाला विभूती, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि मराठी कन्नडच्या चालीवर. म्हाताऱ्या बायकांना ते 'यव्वा' म्हणायचे आणि पोरसवदा आयांना 'तंगी'. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्या बायांना ते काही केल्या कळेना. "ये तंगी, पोराला पाज," असं म्हटलं की त्यांना वाटायचं, डॉक्टर आपल्या गरिबीवरनं बोलतोय. एका बाईनं तर उलट ऐकवलं होतं, "तंगी असंल तुमच्या घरात! आमच्यात तीन म्हशी हायत."

त्यांना कशाकशाची किळस यायची, ते सांगत बसले तर संध्याकाळ होईल. विडी, कासव छाप अगरबत्ती, देवापुढचा ऊद, शेकोटी. सगळ्यांत जास्त चिडायचे ते बाळंतिणीच्या शेगडीवर. आमच्याकडं बाळंतिणीच्या खोलीला वारा लागू देत नसत. दारं-खिडक्या बंद, बाजेखाली निखारे, त्यावर ओवा आणि लसणाची सालं, आणि त्या धुरीवर ओलं बाळ पालथं धरायचं. म्हणे हाडं बळकट होतात. अशी पोरं आठवडाभरानं आमच्याकडं यायची, पोट भात्यासारखं उडत असायचं.

"यव्वा, नातू झालाय का बोंबील वाळवायला आणलाय?" असं डॉक्टर आजीला तोंडावर विचारायचे.

आमच्या वॉर्डात आक्काताई नावाच्या आया होत्या. त्या रोज सकाळी फरशी पुसून झाली की गणपतीच्या फोटोपुढं उदबत्ती लावायच्या. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात ती उदबत्ती चिमटीत धरली आणि बाहेर नेऊन अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत खोचली. आक्काताई भडकल्या.

"देवाचं बी वावडं हाय व्हय तुमास्नी?"

"न्हाय. देवाला बाहेर बी नाक असतंय. आत माझी पोरं हायत."

आक्काताई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. चहा मात्र आणून द्यायच्या, कप टेबलावर आपटून.

धुरानं न्यूमोनिया कसा होतो, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. जंतूंनी होतो असं आम्ही शिकलो होतो. ते म्हणाले, "जंतूच करतात. पण धूर काय करतो? छातीच्या दाराची कडी काढून ठेवतो. मग आत चोर कुठला का येईना." आणि लगेच पुढच्या पोराचं झबलं वर करून त्याची छाती बघायला लागले. झबलं वर केल्याशिवाय ते कधी नळी कानाला लावायचे नाहीत. पोर श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, हे ते काही न बोलता बघत राहायचे. तेवढ्या वेळात वॉर्डात कुणी खोकलेलंही त्यांना खपायचं नाही.

त्यांचा एक मोठा दोष होता. ते आयांवर ओरडायचे. वाईट ओरडायचे. "पोर जगवायचं हाय का भाजायचं हाय?" "पोराला घेऊन चुलीम्होरं बसतीस, लाज वाटत न्हाय?" बाया खाली मान घालून ऐकायच्या. घरी सासूचं ऐकायचं, इथं डॉक्टरचं. मला ते आवडायचं नाही, पण त्यांच्या तोंडाला लागायची माझीही छाती नव्हती.

ती छाती दाखवली रंजनानं.

रंजना विशीतली असेल. हातकणंगल्याकडचं माहेर. तिची वर्षाची मुलगी, राणी, दुसऱ्यांदा न्यूमोनियानं दाखल झाली होती. डॉक्टरांनी पोरीची टाळू हुंगली, तोंड वाकडं केलं आणि सुरू झाले. मागच्या खेपेला काय सांगितलं होतं, कानात बोळे घातलेस काय, आई हायस का कोण हायस. रंजनानं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग पोरीला खांद्यावर टाकून उभी राहिली.

"डॉक्टरसाब, शिव्या मला का देतासा? घर मी बांधलं न्हाय. चूल मी मांडली न्हाय. लगीन करून आणलं आन् त्या खोपीत बसवलं मला. धूर खायाची मला हौस हाय व्हय? खिडकी पाडून द्या, मी काय नगं म्हंतो?"

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर तीच शिसारी होती, पण ह्या वेळी ती कुणाकडं वळवावी हे त्यांना कळत नव्हतं.

"घर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"चेअरमनचं. म्या धाकटी सून."

चेअरमन म्हणजे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांचा नवा बंगला रस्त्यावरनं जाणाऱ्या एसटीतनंही दिसायचा, गुलाबी रंगाचा, गच्चीवर सिमेंटचा मोर.

त्या दिवसानंतर पट्टणशेट्टी डॉक्टर कुठल्याही आईवर ओरडल्याचं मी ऐकलं नाही. त्यांनी नवीनच सुरू केलं. पोर आलं की विचारायचे, "बाप कुठाय?" बाप बाहेर कडुलिंबाखाली तंबाखू मळत उभा असायचा. त्याला आत बोलवायचे, पोराच्या खाटेशी बसवायचे आणि ऑक्सिजनचा मास्क त्याच्या हातात द्यायचे. "धर. हात हलवायचा न्हाय. पोराची छाती बघत बसायचं." मिशावाले, सहा फुटी गडी तिथं बसून घामाघूम व्हायचे. काही रडायचे. काही लघवीचं निमित्त करून उठून जायचे आणि परत यायचेच नाहीत. रंजनाचा नवरा विलास अशांतलाच. आला, टेकला, उठला आणि मोटरसायकल घेऊन गेला.

राणी त्या खेपेला बरी झाली. चेअरमन खूश झाले आणि रविवारी त्यांनी डॉक्टरांना जेवायला बोलावलं. मलाही बोलावलं होतं. बंगल्याच्या दिवाणखान्याला चार खिडक्या होत्या, सगळ्यांना मखमली पडदे. शोकेसमध्ये बाहुल्या, ट्रॉफ्या, काचेचा ताजमहाल. स्वयंपाकघरात काळ्या कडाप्प्याचा ओटा, त्यावर गॅसची शेगडी, आणि खाली सिलिंडर. सिलिंडरला भरतकामाचा झगा घातला होता आणि त्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं.

डॉक्टर हात धुवायचं निमित्त करून मागच्या दारानं बाहेर गेले. मीही गेले. बंगल्याच्या पाठीला टेकून एक पत्र्याच्या छपराची खोप होती, भिंती कच्च्या विटांच्या. खिडकी नाही, धुराडं नाही. मागं चेअरमनच्या चुलतभावाची जागा, तिकडं भोक ठेवलं तर भांडण होईल, म्हणून ठेवलं नव्हतं. आत रंजना भाकरी थापत होती. शेजारी पोत्यावर राणी, नुकती बरी झालेली, हातात लाटणं घेऊन बसलेली. धूर पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर तरंगत होता. रंजनानं आमच्याकडं बघितलं आणि डोळे पुसले. रडत नव्हती. तिचे डोळे तसेच असायचे.

डॉक्टर परत येऊन पाटावर बसले. भाकरी, पिठलं, दही, मिरचीचा ठेचा. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"जेवा की डॉक्टर," चेअरमन म्हणाले.

"गॅस कशाला घेतलाय?"

"पावण्यांच्या चहाला. भाकरी मातूर चुलीवरचीच पायजे बगा. गॅसवरच्या भाकरीला चव न्हाय, आन् पोटात वात धरतोय."

"तुमची चव नातीच्या छातीत जाऊन बसलीया."

चेअरमन मोठ्यानं हसले. "डॉक्टर लई गमतीचे हायती!"

"गॅसवरचा भात करा म्हणावं माझ्यासाठी. न्हायतर उठतो."

चेअरमनना वाटलं, हीही गंमतच. डॉक्टर उठले, चपला घातल्या आणि भर उन्हात दवाखान्यापर्यंत चालत गेले. मागं मी कसेबसे दोन घास खाल्ले. चेअरमनीण बाई, म्हणजे रंजनाच्या सासूबाई, मला म्हणाल्या, "सायबाचं पोट बिघडलं असंल."

चेअरमननी मनात राग धरला नाही, की धरला तो दाखवला नाही. उलट त्या दिवाळीनंतर त्यांनी गावात बिनधुराच्या चुलींचा कार्यक्रम आणला. कुठल्याशा योजनेतनं सिमेंटच्या, दोन तोंडांच्या चुली आल्या. धूर वर नेणारे पाइप मागनं येणार होते. पण पाहुणे म्हणून येणाऱ्या पुढाऱ्यांची तारीख मिळाली होती, त्यामुळं उद्‌घाटन आधी. चेअरमनच्याच बंगल्यामागं, परड्यात मांडव घातला, लाउडस्पीकर लावला, आणि प्रात्यक्षिकाची चूल मागच्या खोपीत पेटवली. डॉक्टरांनाही व्यासपीठावर खुर्ची होती. त्यांना बोलायला उठवलं.

ते माइकसमोर गेले नाहीत. पुढाऱ्यांचा हात धरला आणि म्हणाले, "साहेब, भाषण नको. चला, जरा आत बसू. नवी चूल बघू."

पुढाऱ्यांना वाटलं, फोटोसाठी. ते हसत आत गेले. डॉक्टरांनी खोपीचं दार बाहेरनं ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले. आतनं आधी हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, मग दारावर थापा. कार्यकर्ते धावले. दार उघडलं तेव्हा पुढारी लालबुंद, डोळ्यांतनं पाण्याच्या धारा, फेटा वाकडा झालेला. आणि बाहेर फोटोग्राफर तयारच होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, माताभगिनींचे कष्ट पाहून पाहुण्यांना अश्रू अनावर.

डॉक्टरांनी तो पेपर मेलेला उंदीर धरावा तसा एका टोकाला धरला आणि आक्काताईंच्या लादी पुसायच्या बादलीत टाकला. "सिस्टर," मला म्हणाले, "ह्या माणसाला धुरात कोंडलं तरी त्याचाच फायदा झाला." पाइप शेवटपर्यंत आले नाहीत. त्या चुली गावात पुढं बरीच वर्षं दिसायच्या. कुणी पायरी केली होती, कुणाची कोंबडी त्यात अंडी घालायची.

पुढच्या आषाढात राणी गेली.

पावसाची झड लागली होती. वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलेलं. अशा दिवसांत घरातलं सगळं जळण ओलं असतं, दारांना पोती लावलेली असतात आणि चूल पेटता पेटत नाही, नुसती धुमसते. पोरीला पाच-सहा दिवस ताप होता. आधी कुणाकडंतरी नेऊन पोटावर बिब्ब्याचे डाग दिले होते. बंगल्याच्या दारात जीप उभी असताना रंजना तिला घेऊन एसटीनं आली. सोबत सासू. पोरीचे ओठ निळे पडले होते आणि प्रत्येक श्वासाला ती कण्हत होती. डॉक्टरांनी त्या दिवशी टाळूचा वास घेतला नाही. सरळ ऑक्सिजन लावला, शीर शोधली, इंजेक्शन दिलं, तोंडातला कफ ओढून काढला. सकाळपासून दुपारपर्यंत ते त्या खाटेपासून हलले नाहीत. दुपारी पोरीनं मान टाकली.

पोरीच्या नाकातनं जो शेंबूड आला तो काळा होता. रंजनानं तो पदरानं पुसला. मग पदराची ती काळी जागा मुठीत धरून बसली.

सासू भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "जाऊ दे. पोरगीच की. हिचं दूधच वाईट, म्या पयल्यापासनं म्हंतो."

डॉक्टर बाहेर गेले. मी त्यांच्या मागं गेले तर ते पाण्याच्या टाकीमागं, पावसात, भिंतीला हात लावून ओकत होते. पोटात काही नव्हतं, तरी ओकत होते. मी तांब्या दिला. चूळ भरून ते म्हणाले, "आमच्या घरात बी असंच. बापाचं भुसाराचं दुकान. मी पयला मुलगा म्हणून आजोबांबरोबर दुकानात झोपायचो. दुकानाला मोठं दार, हवा यायची. बहिणी आत, अव्वा म्हणजे आईजवळ, चुलीपाशी. एक बी राहिली न्हाय. लोक म्हणायचे, ह्या पोराचं नशीब बघा." तांब्या खाली ठेवून म्हणाले, "नशीब! थू!" स्वतःच्याच नशिबाची इतकी किळस मी कुणाच्या तोंडावर बघितली नाही.

रंजनाला दिवाळीत माहेरी पाठवलं, ते परत आणलंच नाही. माणसं म्हणाली, तिच्या पायगुणानं पोर गेली. विलासचं दुसरं लग्न झालं. बंगल्याला पुन्हा रंग दिला, ह्या वेळी पोपटी.

दोनएक वर्षं गेली. एक दिवस सकाळी दवाखान्याच्या आवारात जीप जोरात येऊन थांबली. चेअरमन स्वतः पुढं बसलेले, मागं सासूबाई आणि नवी सून वैशाली, मांडीवर पाच-सहा महिन्यांचा मुलगा. ताप कालचाच. डॉक्टरांनी वाकून टाळूचा वास घेतला आणि सरळ झाले. झबलं वर केलं, छाती बघितली. बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"यव्वा," ते सासूला म्हणाले, "ह्या वेळी जीप?"

"वंशाचा दिवा हाय डॉक्टरसाब."

"दिवा हाय म्हणून धुरात ठेवलाय व्हय?"

त्या पोरासाठी त्यांनी तेवढंच केलं जेवढं राणीसाठी केलं होतं. मी शेजारी होते म्हणून सांगते, हाताला जराही फरक नव्हता. पोर वेळेत आलं होतं, वाचलं. जीप होती म्हणून वाचलं, मुलगा होता म्हणून जीप होती. हे असं मनात आलं की मला पोर वाचल्याचा आनंदसुद्धा नीट होईना.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी रजा टाकली आणि जीपमध्ये जाऊन बसले. मला म्हणाले, "सिस्टर, चला. पोराचं घर बघून येऊ." चेअरमन बाहेरगावी होते. आम्ही बंगल्यात पोचलो. डॉक्टर दिवाणखान्यात टेकलेसुद्धा नाहीत. परड्यात गेले. तिथं गोठ्याच्या भिंतीला एक पहार टेकवलेली होती. ती उचलली, खोपीत शिरले आणि चुलीवरच्या भिंतीत घातली.

ह्या माणसानं जन्मात कधी पहार धरली नसावी. पहिले दोन घाव निसटले. चष्मा पडला. सासू दारात उभी राहून बोंब मारायला लागली, "आगं बया, बगा की, डॉक्टर याडा झालाय! घर पाडाय लागलाय!" शेजारपाजारचे गोळा झाले. विलास आला, पण आत यायचं धाडस त्याला होईना. डॉक्टर घाव घालत होते आणि प्रत्येक घावाला खोकत होते. कच्ची वीट, एक सैल झाली, मग दुसरी. तेवढ्यात वैशालीनं पोर माझ्याकडं दिलं. आत गेली, चुलीवरचा तवा बाजूला केला, आणि सुटलेल्या विटा हातानं ओढून एकावर एक रचायला लागली.

भोक पडलं तशी उन्हाची एक तिरीप आत आली, आणि ती खोप पहिल्यांदा नीट दिसली. पत्र्याला काजळीची जळमटं लोंबत होती, दाव्यासारखी जाड. भिंती डांबर फासल्यासारख्या. बाहेर जमलेली माणसं वाकून बघत होती. रोज ह्याच भिंतीपलीकडं राहणारी माणसं, पण त्यांच्यातल्या एकीनं नाकाला पदर लावला.

चेअरमन संध्याकाळी दवाखान्यात आले. आवाज चढवला नाही. "डॉक्टर, कुणाच्या घराला भोक पाडलंय, कळतंय न्हवं?"

"घराला न्हाय पाडलं," डॉक्टर म्हणाले. तळहाताला फोड आले होते, त्यांना मी मलम लावत होते. "थडग्याला पाडलंय."

महिन्याच्या आत बदली आली. पार तिकडं, विदर्भात. निरोपाचा समारंभ करायची कुणाला हिंमत झाली नाही. चेअरमनशी वाकडं कोण घेणार? डॉक्टर एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन एसटीत बसले. आक्काताईंनी दुसऱ्याच दिवशी वॉर्डात उदबत्ती लावली. थोड्या वेळानं बघते तर त्यांनीच ती काढली होती आणि बाहेर तुळशीत खोचली होती.

भोकाचं काय झालं, ते मला वैशालीनं सांगितलं, पोराला डोस पाजायला आली तेव्हा. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"मामा म्हणले, बुजवा. गवंडी बी बोलावलाता. मी म्हटलं, खुशाल बुजवा. मी पोरगं घिऊन चाललो माहेराला. लगीच गप बसली सगळी." मग पोराच्या गालाला हात लावून म्हणाली, "हा हाय न्हवं."

म्हणजे ते भोकसुद्धा मुलगा होता म्हणून राहिलं. मी तिला शाबासकी दिली, तिनं ती घेतलीही. पण मला त्या घटकेला रंजना दिसत होती. ती पुढं माहेरी राहून एका सूतगिरणीत लागली, असं ऐकलं. परत तिची गाठ पडली नाही.

डॉक्टरांची मात्र पडली. बऱ्याच वर्षांनी, माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हा. भाच्यानं नवी गाडी घेतली होती, तो सगळ्यांना हायवेवरच्या एका हॉटेलात जेवायला घेऊन गेला. मोठा बोर्ड होता, 'चुलीवरचं अस्सल जेवण'. बाहेर गाड्यांची रांग. गिऱ्हाइकाला दिसावी अशा जागी एक गवती खोप मुद्दाम बांधली होती. तिच्यात चुलींची ओळ, आणि चुलींपुढं बाया भाकरी थापत बसलेल्या. मालकानं त्यांना एकसारखी हिरवी लुगडी दिली होती. पुण्या-बेंगलोरची माणसं मोबाइलवर त्यांचे फोटो काढत होती. "काय सुंदर वास येतोय ना!" माझ्या मागं कुणीतरी म्हणालं. आम्ही हे सगळं पंधरा-वीस वर्षं पोरांच्या छातीतनं उपसत होतो, आणि आता त्याची पाटी लावून पंगती उठत होत्या.

एका बाईच्या मागं, खोपीच्या खांबाला तान्ह्या पोराची झोळी बांधलेली होती. आता ती रिकामी होती.

मालक कुणाशीतरी वाद घालत होता. "पावणं, पोरगी द्या हिकडं. लोकं बगाय लागल्यात."

"बघू द्यात," पलीकडनं आवाज आला. ती बोलण्याची चाल मी कुठंही ओळखली असती.

पट्टणशेट्टी डॉक्टर. पार वाळलेले, केस पांढरे, हातात काठी. दुसऱ्या हातानं सात-आठ महिन्यांची एक पोरगी खांद्यावर धरलेली. शेजारी त्यांचा मुलगा अवघडून उभा होता. "अप्पा, चला ना. ताटं आलीत."

"तुमी जेवा. हिची आई कामात हाय. मोकळी झाली की देतो."

मी पुढं झाले. त्यांनी मला बघितलं, ओळखलं. कशा आहात नाही, कुठं असता नाही.

"सिस्टर, वारं कुठनं येतंय बघा जरा."

मी बघितलं. "पश्चिमेकडनं," म्हटलं. त्यांनी माझ्याकडं काठी दिली, प्लॅस्टिकची एक खुर्ची स्वतःच ओढत पार्किंगच्या त्या बाजूच्या पार टोकाला, उसाच्या कडेला नेली आणि धुराकडं पाठ करून बसले. मी काठी नेऊन त्यांच्या खुर्चीला टेकवली. पोरगी खांद्यावर झोपली होती. ते तिच्या पाठीवर हलके थोपटत होते. मी परत फिरले, तेव्हा त्यांचा मुलगा मला म्हणाला, "घरीपण असंच करतात. फार एम्बॅरसिंग होतं."

आम्ही तिथं जेवलो नाही. मी भाच्याला म्हटलं, मला बरं वाटत नाही, आणि ते खरंही होतं. गाडी मागं घेताना काचेतनं ते दिसले. तसेच बसलेले, मान ताठ, हात पोरीच्या पाठीवर. आणि इकडं खोपीत ती हिरव्या लुगड्यातली बाई तव्यावर भाकरी टाकली की धुरातनं वाकून एकदा तिकडं बघायची, आणि पुन्हा परातीतलं पीठ मळायला घ्यायची.